शून्य जुळले, तरी माप चुकले

आमच्यासारख्या बी.कॉम. झालेल्या कारकुनाने मायक्रोमीटर आणि गुण्या यांवर लेख लिहावा, हे पाहून आमचे कारखान्यातले वाचक हसतील. त्यांनी अवश्य हसावे. आमचे अर्धे आयुष्य आवक-जावक नोंदवहीत गेले आणि उरलेला वेळ वस्तीतल्या अभ्यासिकेत व लोकांचे अर्ज लिहिण्यात. हत्यार म्हणून आमच्या हाती आले ते फार तर पेन आणि कागदाला भोक पाडायचा पंच. पण २०२४ च्या मार्च महिन्यात आमच्या घरी एक प्रसंग घडला. त्या निमित्ताने आम्ही वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी जे शिकलो, ते आपल्या घराघरांतल्या टर्नर, फिटर, गवंडी, सुतार बांधवांच्या आणि विशेषतः नव्याने कामाला लागलेल्या मुलांच्या उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या वडिलांना घरात सगळे आबा म्हणतात. आबा भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा वर्कशॉपमध्ये टर्नर होते. १९७४ साली ते लेथवर उभे राहिले आणि २००७ साली खाली बसले. १९७८ साली त्यांनी ओव्हरटाइमचे पैसे साठवून स्वतःचा शून्य ते पंचवीस मिलिमीटरचा मायक्रोमीटर विकत घेतला. लाकडी डबी, आत निळे कापड, बाजूला आकडीची एक छोटी चावी. आम्ही भावंडांनी त्या डबीला हात लावायचा नाही, असा घरचा नियम होता. आमची आई म्हणायची, "पोरांना तापात जपलं नसेल एवढं हे लोखंड जपतात."

आमची धाकटी बहीण आमच्याच गल्लीत राहते. तिचा मुलगा २०२३ साली आयटीआयमधून टर्नर होऊन बाहेर पडला आणि २०२४ च्या जानेवारीत एका वर्कशॉपमध्ये कामाला लागला. लहान वर्कशॉपमध्ये मोजमापाची हत्यारे पुष्कळदा कामगाराला स्वतःचीच आणावी लागतात. पहिल्या दिवशी आबांनी ती डबी कपाटातून काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि नातवाच्या हातावर ठेवली. बहिणीच्या डोळ्यांत पाणी आले. आम्हालाही फार बरे वाटले. घरातला एक हुन्नर पुढच्या पिढीच्या हाती गेला, असे आम्ही अभ्यासिकेतल्या मुलांनाही सांगितले.

दोन महिन्यांनी, एका संध्याकाळी पोरगा घरी आला तो मान खाली घालून. "जयभीम मामा" म्हणाला आणि कोपऱ्यात बसून राहिला. पुष्कळ विचारल्यावर कळले ते असे. बारा मिलिमीटर व्यासाच्या पिना करायच्या होत्या. ड्रॉइंगप्रमाणे माप ११.९८ ते १२.०० च्या दरम्यान हवे. याने एकशे अठरा पिना केल्या, प्रत्येक पीस मोजला, आणि तपासणीत त्यातल्या सेहेचाळीस परत आल्या. गेजच्या भोकात त्या जातच नव्हत्या. शेठने सांगितले, दोन दिवसांची मजुरी कापणार.

"मी आता जात नाही तिकडे," पोरगा म्हणाला. "डिलिव्हरीचं काम बघतो. तिथं निदान कुणी माप काढत नाही."

हे ऐकून आमच्यातला कार्यकर्ता जागा झाला. आम्ही ताबडतोब कागद पुढे ओढला आणि अर्ज लिहायला घेतला. "नवख्या कामगाराची पिळवणूक", "जाणीवपूर्वक त्रास", असे दोन-तीन जळजळीत शब्द पहिल्याच परिच्छेदात आले. पोरगा मात्र आमच्याकडे बघत नव्हता. तो आबांकडे बघत होता. शेवटी हळूच म्हणाला, "आबा, आपला मायक्रोमीटर तर चुकत नसेल ना?"

आबा इतके भडकले की, आम्ही त्यांना तसे क्वचितच पाहिले आहे. "एकोणतीस वर्षं माझ्या हातात होता तो! एक जॉब परत आला नाही. तुझा हात चुकला असेल, हत्याराला नावं ठेवू नकोस." पोरगा न जेवता घरी गेला. आमचा अर्ज अर्धवट राहिला.

रात्री अकराच्या सुमारास आबा उठले आणि म्हणाले, "त्याला बोलावून आण. डबी घेऊन ये म्हणावं."

आबांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. मायक्रोमीटरवरच्या बारीक रेघा त्यांना आता दिसत नाहीत. त्यामुळे त्या रात्री वाचायचे काम आमच्याकडे आले आणि आमची शिकवणी सुरू झाली. ज्यांच्या घरी हे हत्यार नाही, अशा वाचकांसाठी दोन शब्द सांगतो. मायक्रोमीटर म्हणजे एक अतिशय अचूक स्क्रू. एक पूर्ण फेरा दिला की तो अर्धा मिलिमीटर सरकतो. फिरणाऱ्या टोपीवर, म्हणजे थिंबलवर, पन्नास रेघा असतात. म्हणून एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारणपणे पाच ते दहा रेघांइतका जाड असतो. एका बाजूला ॲनव्हिल हा स्थिर तोंडाचा भाग, समोर स्पिंडल हा सरकणारा दांडा, आणि या दोन तोंडांमध्ये जॉब धरायचा. शेवटी रॅचेट असते. ते टकटक वाजले की दाब पुरेसा झाला, आणखी आवळायचे नाही.

आबांनी आधी दोन्ही तोंडांमध्ये कोऱ्या कागदाचा तुकडा हलका धरायला लावला आणि तो तसाच ओढून काढायला सांगितला. तोंडावरचा मळ आणि तेल कागदाला लागून येते. मग तोंडे मिटवली, रॅचेट तीनदा वाजवले आणि आम्ही वाचले. थिंबलवरची शून्याची रेघ दांडीवरच्या आडव्या रेघेशी तंतोतंत जुळत होती. दोन्हींत तसूभरही फरक नव्हता.

"बघ," आबा म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला. "शून्य जुळतंय. हत्यार खरं आहे." पोरगा काही बोलला नाही. त्याने गप्प मान खाली घातली.

इथे आमचे बी.कॉम. कामाला आले. हिशेबाच्या वहीत वर्षअखेरीला तेरीज काढतात. नावे आणि जमा दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली की कारकून सुटकेचा श्वास सोडतो. पण कॉलेजात आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते की, तेरीज जुळली म्हणजे वही खरी, असे समजू नये. दोन चुका एकमेकींना झाकत असतील तरी तेरीज जुळते. एक नोंदच राहून गेली असेल तरी जुळते. आम्ही आबांना हे सांगितले आणि विचारले, "आबा, शून्य जुळूनही माप चुकेल, असं होऊ शकतं का?"

आबा बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "माझ्या पेटीत छर्ऱ्यांची डबी आहे, ती काढ."

सायकलच्या मागच्या चाकात असतात ते पाव इंची पोलादी छर्रे. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. छर्रा दोन-चार रुपयांची वस्तू, पण गोलाईत आपल्या हातातल्या बहुतेक वस्तूंपेक्षा खरी. आबांनी सांगितलेली रीत अशी. तोच एक छर्रा मायक्रोमीटरच्या तोंडात आधी वरच्या कडेला धरायचा, मग मध्यभागी, मग खालच्या कडेला. तोंड सपाट असेल तर तिन्ही ठिकाणी आकडा एकच आला पाहिजे. छर्रा नेमका किती आहे, हे माहीत असण्याचीही गरज नाही. तो बदलत नाही, एवढे पुरे.

पण छर्रा बोटांतून निसटायचा. इथे आमचे दुसरे हत्यार उपयोगी पडले. जुन्या दिनदर्शिकेच्या पुठ्ठ्याला पंचने भोक पाडून त्यात छर्रा दाबून बसवला, की पुठ्ठ्याला धरून तो हवा तिथे नेता येतो. आबांना ही युक्ती फार आवडली. कारकुनाच्या घराण्याला जन्म दिल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर आम्ही प्रथमच पाहिले.

वरच्या कडेला वाचन आले ६.३५. खालच्या कडेला ६.३५. मध्यभागी ६.३३.

आम्ही तीनदा वाचले. भाच्याने तीनदा वाचले. मध्ये दोन रेघा कमीच.

आबांनी मोबाइलचा टॉर्च लावायला लावला आणि भिंग घेऊन स्थिर तोंडाकडे पाहायला सांगितले. मधोमध एक मंद, मळकट पट्टा आडवा गेलेला दिसत होता. वर आणि खाली मूळची चकाकी शाबूत होती. एकोणतीस वर्षे त्याच जागी गोल जॉब घासून घासून पोलादात पन्हळ पडली होती. तोंडे मिटवली की चकचकीत कडा चकचकीत कडेला टेकत होती, म्हणून शून्य जुळत होते. पण गोल पीन धरली की ती पन्हळीत बसायची, दांडा दोन रेघा जास्त पुढे यायचा आणि पीन होती त्यापेक्षा बारीक वाचली जायची. पोराने ११.९९ वाचून समाधानाने बाजूला ठेवलेली पीन प्रत्यक्षात १२.०१ होती. ज्या पिना ११.९८ किंवा त्याखाली वाचल्या गेल्या, तेवढ्या पास झाल्या होत्या. सेहेचाळीस पिनांचा हिशेब लागला.

आबा खाटेवर बसले. मग आपणहून बोलू लागले.

"पीसरेट होता. लेथ थांबवून माप घेतलं तर एका पीसमागं अर्धा मिनिट जातं. शंभर पीसला पन्नास मिनिटं. ती कोण भरून देणार? आम्ही चालू जॉबवरच माप घ्यायचो. साहेब ओरडायचे, पण मालही त्यांनाच हवा असायचा. फिरत्या जॉबवर मायक्रोमीटर धरला की तोंड झिजतं, हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं."

"मग आबा, तुमचे जॉब कसे बरोबर यायचे?" भाच्याने विचारले.

"शेवटची काही वर्षं मी वाचलेल्या आकड्यात दोन रेघा मिळवून धरायचो. कधी सुरू झालं ते आठवत नाही. माझ्या हाताला माहीत होतं. तुला सांगायचं राहून गेलं." आणि थोडे थांबून म्हणाले, "तुझा हात चुकला नाही, बाळा."

वाचकहो, आमच्या आबांच्या तोंडून असे वाक्य आम्ही चव्वेचाळीस वर्षांत ऐकले नव्हते. पोरगा उठून त्यांच्याजवळ जाऊन बसला. बारा वाजून गेले होते. आमच्या सहचारिणीने त्या दोघांना पुन्हा ताटे वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तो जळजळीत अर्ज फाडून नवा लिहिला. त्यात आरोप एकही नव्हता, मुद्दे तीन होते. पहिला, पिना मापापेक्षा जाड आहेत, बारीक नाहीत. जाड पीस पुन्हा लेथला लावून दुरुस्त होतो, म्हणून त्या भंगारात न टाकता परत द्याव्यात. दुसरा, वेतन प्रदान अधिनियम, १९३६ हा कायदा त्या वेळी लागू होता. त्यानुसार नुकसानीपोटी पगार कापण्याआधी कामगाराला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागत होती, आणि कपात प्रत्यक्ष नुकसानीहून जास्त करता येत नव्हती. तिसरा, वर्कशॉपने तपासलेले मोजमापाचे हत्यार लेथपाशी ठेवावे. रजा टाकून आम्ही भाच्याबरोबर गेलो. सोबत डबी, छर्रा आणि पुठ्ठा. शेठने आधी कपाळाला आठ्या घातल्या, पण छर्ऱ्याची तीन वाचने स्वतः घेतल्यावर आठ्या उतरल्या. सेहेचाळिसांपैकी चव्वेचाळीस पिना पोराने जादा वेळ थांबून मापात आणल्या. दोन बिघडल्या, तेवढ्यांच्या मालाचे पैसे कापले गेले. पुढे महिन्याभरात तिथे प्रमाणपत्र असलेला एक मायक्रोमीटरही आला.

आदल्या रात्रीचा अर्ज घेऊन गेलो असतो तर? शेठने आमच्या देखत पीन मोजून दाखवली असती आणि आम्ही तोंडघशी पडलो असतो. आमचे जाऊ द्या, पण त्यानंतर त्या वस्तीतल्या खऱ्या तक्रारीकडेही कोणी लक्ष दिले नसते. दुसऱ्याचे माप काढायला निघण्यापूर्वी आपल्या हातातले माप तपासावे, ही गोष्ट कार्यकर्त्याला कोणी शिकवत नाही. आम्हाला ती दोन-चार रुपयांच्या छर्ऱ्याने शिकवली.

आता दुरुस्तीविषयी. घरी काय करता येते आणि काय करता येत नाही, याची आबांनी स्पष्ट विभागणी सांगितली. झिजलेले तोंड घरी काचेवर किंवा पॉलिश पेपरवर घासू नये. हाताने घासले की तोंड तिरके होते आणि हत्यार कायमचे जाते. दोन्ही बाजू सपाट आणि समांतर असलेली लॅपिंगची चकती दोन तोंडांच्या मध्ये धरून, बारीक पेस्ट लावून ते काम करतात. आबांचे एक जुने सोबती गेज दुरुस्तीचे काम करतात. त्यांच्याकडून लॅपिंग करून आणले. पन्हळ गेली, पण तोंडांचा थर निघाल्यामुळे आता मिटवल्यावर वाचन शून्याच्याही तीन रेघा पलीकडे जाऊ लागले. हे मात्र घरी सुधारता येते, आणि ते एका रविवारी आम्ही तिघांनी मिळून केले.

रीत अशी. चूक एखाद्या रेघेची असेल तर डबीतली आकडीची चावी दांडीच्या बारीक भोकात अडकवून बाहेरची नळी किंचित फिरवायची, की शून्य जागेवर येते. चूक त्याहून मोठी असेल तर आधी दांडा लॉक करायचा, त्याच चावीने मागचे रॅचेट सैल करायचे, थिंबल मोकळे करून शून्याजवळ आणायचे, पुन्हा घट्ट करायचे आणि उरलेला फरक नळी फिरवून काढायचा. स्क्रूमध्ये खेळ आला असेल, म्हणजे दांडा डुगडुगत असेल, तर थिंबल पूर्ण मागे घेतल्यावर आत एक निमुळत्या आट्यांची नट दिसते. ती अगदी थोडी आवळायची. शेवटी शिवणयंत्राच्या पातळ तेलाचा एक थेंब, जास्त नाही. आबा डोळे मिटून बसले होते. रॅचेटच्या आवाजावरून सांगत होते, "घाई केलीस. परत." पोराने पाच वेळा केले, तेव्हा पाचवे त्यांना पसंत पडले.

पण शून्य जुळण्यावर आता आमच्या घरात कोणाचाच विश्वास उरलेला नव्हता. म्हणून मधले मापही तपासले. त्यासाठी ६०८ नंबरचे नवे बेअरिंग आणले. हे सहज मिळणारे, स्वस्त बेअरिंग आहे. त्याचा बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर असतो आणि सामान्य दर्जाच्या नव्या बेअरिंगमध्ये तो फार तर नऊ मायक्रॉनने कमी चालतो, म्हणजे एका रेघेहूनही कमी. वाचन २२.०० आणि २१.९९ च्या मध्ये आले. छर्रा तिन्ही जागी सारखा आला. बेअरिंगची रुंदी मात्र मापासाठी वापरू नये. तिच्यात सूट पुष्कळ जास्त असते.

आबांनी आणखी एक शिस्त पाळायला लावली. बेअरिंग, छर्रा, मायक्रोमीटर, सगळे आदल्या रात्री एकाच स्टीलच्या ताटात ठेवायचे. जगभर लांबीची मापे २० अंश सेल्सिअस तापमानाला धरलेली आहेत, आणि आपल्याकडे मार्चमध्ये पारा पस्तिशी ओलांडतो. एक मीटर पोलाद दर अंशाला सुमारे साडेअकरा मायक्रॉन वाढते. जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही पोलादाचे आणि दोन्ही सारखेच तापलेले असतील तर दोघेही बरोबरीने वाढतात, फरक पडत नाही. फरक पडतो तो लेथवरून नुकताच उतरलेला गरम जॉब थंड मायक्रोमीटरने मोजला तर. म्हणून जॉब निवू द्यावा, मायक्रोमीटर मुठीत धरून बसू नये.

एवढे बारीक काम आपल्यासारख्यांच्या दोन खोल्यांच्या घरात होते का, असे काहींना वाटेल. स्वीडन देशात एस्किल्स्टुना गावच्या बंदुकीच्या कारखान्यात कार्ल एडवर्ड योहान्सन नावाचा एक कामगार होता. १९०१ पूर्वीची गोष्ट. १८९६ साली त्याला कल्पना सुचली की, पोलादाचे ठरावीक जाडीचे १०२ ठोकळे केले तर ते एकमेकांना जोडून हजारो मापे तयार करता येतील. त्या ठोकळ्यांना अखेरचा हात त्याने घरी दिला, आणि त्यासाठी बायकोचे शिवणयंत्र बदलून त्याचे घासायचे यंत्र बनवले. आज जगातल्या बहुतेक टूलरूममध्ये स्लिप गेज म्हणून जे ठोकळे वापरतात, त्यांची सुरुवात अशी एका घरातल्या शिवणयंत्रावर झाली. आमच्या सहचारिणीने हे ऐकल्यावर आपले शिवणयंत्र झाकून ठेवले, हा भाग वेगळा.

ही हकिगत गल्लीत पसरली आणि पुढच्या रविवारी लोक आपापली हत्यारे घेऊन आले. त्यातून आम्हाला एक मोठी गोष्ट समजली. बरीचशी हत्यारे तपासायला दुसरे खरे हत्यार लागतच नाही. ती उलटी करून पाहिली की स्वतःच स्वतःची चूक सांगतात.

गवंड्याची लेव्हल घ्या. ती भिंतीवर किंवा फळीवर ठेवावी, बुडबुडा कुठे आहे ते पाहावे. मग लेव्हल त्याच जागी टोकाला टोक बदलून फिरवून ठेवावी. बुडबुडा त्याच जागी आला तर लेव्हल खरी. दुसरीकडे गेला तर जो फरक दिसतो, त्याचा अर्धा दोष लेव्हलचा आणि अर्धा त्या फळीच्या उताराचा. काही लेव्हलना नळी हलवायचे स्क्रू असतात, त्यांनी बुडबुडा निम्माच परत आणायचा. आमच्या शेजारच्या गवंडीदादांनी फरक दिसताच तो पूर्ण काढून टाकला आणि लेव्हल पहिल्यापेक्षा जास्त बिघडवली. पुन्हा पहिल्यापासून करावे लागले.

सुताराचा गुण्या तसाच. सरळ धारेच्या फळीला तो टेकवून टोकदार पेन्सिलने एक रेघ मारावी. मग गुण्या पालथा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारावी. दोन्ही एकमेकींवर बसल्या तर कोन काटकोन आहे. रेघा फाकल्या तर जेवढ्या फाकल्या, त्याच्या निम्मी चूक गुण्याची. एकसंध पोलादी पट्टीचा मोठा गुण्या पडून बिघडला असेल तर जुने कारागीर कोपऱ्यात सेंटर पंचचा हलका ठोका देतात. कोन लहान झाला असेल तर आतल्या कोपऱ्याजवळ, मोठा झाला असेल तर बाहेरच्या कोपऱ्याजवळ. ठोक्याने धातू पसरतो आणि कोन थोडा हलतो. एक ठोका, मग तपासणी, मग लागल्यास दुसरा.

एक जण पोलादी टेप घेऊन आला. त्याच्या टोकाची आकडी हलते म्हणून त्याने हातोडीने तिचे रिव्हेट घट्ट ठोकून टाकले होते. आबांनी कपाळाला हात लावला. ती आकडी हलण्यासाठीच केलेली असते. बाहेरून अडकवून माप घेतले की ती आकडीच्या जाडीइतकी बाहेर येते, आतून टेकवले की तेवढीच आत जाते, म्हणून दोन्ही मापे बरोबर येतात. जे सैल दिसते ते सगळेच बिघडलेले नसते.

घरच्या तपासणीला मर्यादा आहेत, हे येथे स्पष्टपणे सांगतो. छर्रा आणि बेअरिंग हत्याराविषयी शंका दाखवून देतात, पण प्रमाणपत्र देत नाहीत. ज्या जॉबवर कोणाची सुरक्षा किंवा पोराची नोकरी अवलंबून आहे, त्याचे हत्यार वर्षातून एकदा तरी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. तिथे मायक्रोमीटर ५.१, १०.३, १५.०, २०.२ अशा आडनिड्या मापांवरही पाहतात, कारण त्यामुळे स्क्रूच्या फेऱ्यातल्या वेगवेगळ्या जागा तपासल्या जातात. हा खर्च वर्कशॉपने करावा, अशी मागणी कामगारांनी एकत्र येऊन करणे योग्य आहे. माप हे मालकाच्या मालाचे असते, ते खरे ठेवण्याचा भार एकट्या कामगाराच्या खिशावर का पडावा?

आणि बांधवांनो, मुलांच्या हाती आपले हत्यार देताना त्याचे दोषही सांगून द्या. आपण कौतुकाने वस्तू देतो आणि तिच्याशी जमवून घेण्याची जी युक्ती आपल्या हाताला बसलेली असते, ती द्यायची विसरतो. मग पोरगा आपल्या चुकीचे ओझे स्वतःच्या हातावर घेतो.

आमचा भाचा त्याच वर्कशॉपमध्ये राहिला. चालू जॉबवर तो माप घेत नाही. डबीच्या झाकणाच्या आत आम्ही आमच्या कारकुनी अक्षरात एक लहान तक्ता चिकटवला आहे: तारीख, शून्य, छर्रा वर, मध्ये, खाली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो घरी येतो, पुठ्ठ्यात छर्रा अडकवतो, वाचतो आणि आम्ही लिहून घेतो. आबा शेजारी बसून प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणायला लावतात.